कुंपणाच्या अलीकडचे लोक

श्रोतेहो, नमस्कार.

बंदिस्त समाजाची गोष्ट वाचताना आपले लक्ष प्रथम भिंतीकडे जाते. ती किती उंच आहे, पहारा कोणाचा आहे आणि नायक ती ओलांडणार केव्हा, याची आपल्याला उत्सुकता असते. मला मात्र या प्रकारच्या लेखनात भिंत हा सर्वांत दुय्यम भाग वाटतो. माणसांना आत धरून ठेवते ती त्यांना मिळालेली जगाची माहिती, आणि ज्या लेखकाला हे उमगले आहे त्याला पहारेकऱ्यांची फारशी गरज भासत नाही.

एच. जी. वेल्स यांची १९०४ साली प्रसिद्ध झालेली ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’ ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, दरड कोसळून जगापासून तुटलेल्या एका खोऱ्यात, पिढ्यान्‌पिढ्या सगळेच आंधळे असलेले लोक राहत असतात. नुनेझ नावाचा डोळस वाटाड्या कड्यावरून घसरून तेथे जाऊन पडतो आणि आंधळ्यांच्या राज्यात आपणच राजा होणार, अशा भ्रमात गावात शिरतो. तेथे त्याला कोणी बेड्या घालत नाही. खोऱ्यातले लोक थंड वेळेला, म्हणजे आपल्या रात्री, शेतात राबतात आणि उबदार वेळेला झोपतात. त्यांच्या समजुतीप्रमाणे डोक्यावर आकाश नसून गुळगुळीत खडकाचे छत आहे. ‘पाहणे’ या क्रियेला त्यांच्या जगात जागाच नसल्यामुळे नुनेझ जे जे सांगतो ते वेडाचे बरळणे ठरते. तो चिडतो, कुदळ उगारतो, गावाबाहेर पळतो. पण अन्न आणि निवारा दोन्ही गावातच असल्याने उपाशीपोटी स्वतःहून परत येतो आणि आपण चुकलो असे कबूल करतो. पुढे त्याला तेथील एका मुलीशी लग्न करायचे असते, तेव्हा गावचा वैद्य निदान करतो की याच्या चेहऱ्यावर जे दोन मऊ, हलणारे गोळे आहेत त्यांच्यामुळेच याच्या मेंदूला त्रास होतो. ते काढून टाकले की हा अगदी शहाणा होईल. या निदानात कसलाही दुष्टावा नाही. गावाला त्याचे भलेच करायचे आहे, आणि वेल्सच्या कथेतली खरी भीती तेथेच आहे. असे असूनही अलीकडच्या कित्येक कथानकांत एक क्रूर प्रमुख उभा करून, त्याला शेवटी मारून लेखक मोकळा होतो, ही मला पळवाट वाटते.

मार्गारेट ॲटवूड यांच्या १९८५ सालच्या ‘द हँडमेड्स टेल’ या कादंबरीत सत्ता अर्थातच क्रूर आहे, पण त्यातही मनात राहतो तो एक साधा तपशील: बायकांना वाचायला बंदी असल्यामुळे दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे पुसून तेथे नुसती चित्रे ठेवलेली असतात.

आता आपल्या सोलापूरकडे येऊ, कारण येथे हा विषय कल्पनेपुरता राहिलेला नाही. सेटलमेंट हा भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. १८७१ साली आलेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यातही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी अशा जमातींच्या कुटुंबांना जन्मावरूनच गुन्हेगार ठरवून येथे तारेच्या कुंपणात ठेवले गेले. त्यांनी हजेरी द्यायची, बाहेर पडायचे तर पास घ्यायचा आणि गिरणीत कामाला जायचे, असा तो क्रम होता. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे हा कायदा होता. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कादंबऱ्यांतील समाज बहुधा स्वतःभोवती कुंपण घालून घेतात आणि आतल्यांना बाहेरच्या जगाची भीती घालतात. येथे उलटे होते. भीती बाहेरच्यांना घातली गेली होती, आणि आतल्यांविषयी त्यांना जे सांगितले गेले ते त्यांनी विनातक्रार खरे मानले. तारेपलीकडची माणसे गिरणीत शेजारच्याच मागावर उभी राहत असली तरी या समजुतीला सहसा तडा जात नसे. अशा समाजाची गोष्ट लिहायची, तर तिचा अर्धा भाग कुंपणाबाहेरच्या गावात घडायला हवा.

मराठीत ही बाजू विजय तेंडुलकरांनी ‘घाशीराम कोतवाल’मध्ये दाखवली. १९७२ साली हे नाटक रंगमंचावर आले. दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल, म्हणजे आपल्या पंढरपूरचे. या नाटकात भिंतही माणसांचीच आहे: ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण डोलतात, गातात, मागे चाललेले सारे झाकतात आणि सोयीप्रमाणे बाजूला होतात. कोतवाल झालेला घाशीराम रात्री रस्तोरस्ती हिंडून लोकांना अडवतो आणि परवाना मागतो. त्याला हे अधिकार नाना फडणवीसाने दिलेले असतात, कारण नानाला घाशीरामची मुलगी हवी असते. पुणेकर हे जाणतात, आपापसांत कुजबुजतात आणि आपला परवाना तेवढा जवळ बाळगतात. शेवटी संतापलेला जमाव घाशीरामला मागतो, तेव्हा नाना त्याला बेलाशक लोकांच्या हवाली करतो. घाशीराम मरतो, नाना उत्सवाची आज्ञा देतो, आणि इतका वेळ भिंत होऊन उभी असलेली तीच माणसे पुन्हा नाचू लागतात.