चक्कर आली होती का?

[दृश्य: कुडाळ–वेंगुर्ला रस्त्यालगतचं गाव. पोफळीची बाग, कौलारू घर. पडवीतल्या टेबलावर प्लास्टिकची फाइल.]

पत्र इंग्रजीत आहे, जेमतेम पाऊण पान. विमा कंपनी कळवते की दुबईतल्या रुग्णालयाच्या खर्चाचा आपला प्रवास विम्याचा क्लेम मंजूर करता येत नाही. कारणं दोन दिली आहेत. रक्तदाबाचा जुना आजार प्रपोजल फॉर्मवर सांगितलेला नव्हता. आणि विमाधारक पडल्या त्या या आजारातून आलेल्या चक्करेमुळे, म्हणून हा खर्च ‘पूर्वीपासूनच्या आजारातून उद्भवलेला’ ठरतो आणि पॉलिसीत बसत नाही.

ज्यांच्या नावावर हे पत्र आलं त्या काकी सत्तरीच्या पुढच्या. नाव नको, कंपनीचंही नको, असं घरच्यांनी आधीच सांगून ठेवलंय. धाकटा मुलगा दुबईत वातानुकूलन यंत्रांच्या कामावर आहे. सुनेचं बाळंतपण होतं म्हणून काकी तिकडे गेल्या. या पट्ट्यात हे नवीन नाही. आखाताला गेलेला मुलगा, घरी थोरला आणि त्याची काजू-पोफळ, आणि मधे ये-जा करणारी आई.

दुबईत न्हाणीघरात काकी घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदलला. बिल भारतीय रुपयांत अकरा लाखांच्या वर गेलं. कॅशलेसची मंजुरी शेवटपर्यंत आलीच नाही. धाकट्याने बँकेचं कर्ज काढलं, मित्रांकडून उचल घेतली आणि आईला रुग्णालयातून सोडवून घरी आणलं.

[दृश्य: फाइलमधला एक कागद, जवळून.]

आता हा कागद बघा. इमर्जन्सी विभागात रुग्ण आला की नर्स भरते तो पहिला तक्ता. यात एक ओळ आहे: रक्तदाबाचा इतिहास, दहा वर्षं गोळ्या चालू, पडण्यापूर्वी चक्कर. कंपनीचं अख्खं पत्र या एका ओळीवर उभं आहे.

ही ओळ आली कुठून? धाकटा फोनवर सांगतो. रात्रीची वेळ, आई कण्हतेय, समोर केरळची नर्स. तिने हिंदीत विचारलं, “चक्कर आया था क्या?” हा म्हणाला, “आया होगा.” काकी पडल्या तेव्हा तो कामावर होता, न्हाणीत काय झालं ते त्याने पाहिलेलंच नव्हतं. काकींना कुणी विचारलं नाही. आम्ही विचारलं.

“माका कसली चक्कर? न्हाणीत पाणी होता, पाय सरकलो.”

नर्सची यात चूक नाही. तिला उपचार करायचे होते, क्लेम लढवायचा नव्हता. पण परदेशातल्या रुग्णालयात नातेवाईक घाईत, अर्धवट भाषेत जे बोलतो, ते पुढे विमा कंपनीच्या टेबलावर पुरावा म्हणून येतं. कंपनीचे डॉक्टर रुग्णाला कधीच बघत नाहीत, ते कागद बघतात.

थोरल्याची पहिली प्रतिक्रिया कुणाचीही असती तशीच. कस्टमर केअरला फोन, आवाज चढवणं, “कोर्टात खेचतो” म्हणणं. फोनवरच्या मुलीने शांतपणे तक्रार क्रमांक दिला, आणि त्यापुढे काही झालं नाही.

मग गावातल्याच एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने पत्र वाचलं आणि म्हणाला, हा काही निकाल नव्हे. ही एका बाजूची बाजू आहे. त्यांनी ज्या कलमावर बोट ठेवलंय, त्याच कलमाला उत्तर द्यायचं.

तेव्हा कुठे पॉलिसीची पूर्ण प्रत मागवली गेली. तोवर यांच्याकडे फक्त प्रवासात जवळ ठेवायचं कार्ड आणि एक पानी सर्टिफिकेट होतं. अटी कुणी पाहिल्याच नव्हत्या. पॉलिसीबरोबर माहितीचा साध्या भाषेतला गोषवारा देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. तोही ईमेलमध्ये पडून होता, ज्या ईमेलचा पासवर्ड एजंटलाच ठाऊक.

एजंट गावचाच, भला माणूस. फॉर्म त्याने मोबाइलवर भरला. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, सगळ्यांपुढे ‘नाही’. विचारलं का? “काकी ठणठणीत होत्या ना,” तो म्हणतो. रक्तदाबाची रोजची एक गोळी आपल्याकडे आजारात धरतच नाहीत, आणि कंपन्यांची व्याख्या नेमकी तीच गोळी पकडते. पॉलिसीच्या आधीच्या ठरावीक काळात ज्या आजाराचं निदान झालं, सल्ला घेतला किंवा उपचार झाले, तो ‘पूर्वीपासूनचा आजार’. आरोग्य विम्यात हा काळ पूर्वी 48 महिन्यांचा होता, 2024 पासून 36 महिन्यांचा केला आहे.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर व्हॉट्सॲप ग्रुप.]

एव्हाना ग्रुपवर एक निकाल फिरू लागला होता. सर्वोच्च न्यायालय, 6 डिसेंबर 2021. अमेरिकेला लग्नासाठी निघालेल्या गृहस्थांनी प्रवासाचा मेडिक्लेम घेतला होता. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर घाम फुटला, रुग्णालयात नेलं, तीन स्टेंट बसवावे लागले. कंपनीने क्लेम नाकारला, राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही कंपनीचीच बाजू घेतली. न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती नागरत्ना यांच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला आणि सहा टक्के व्याजासह भरपाई द्यायला लावली. “आपलंच प्रकरण!” असं दुबईहून धाकट्याने लिहिलं.

आपलं नव्हे. त्या गृहस्थांनी मधुमेह सांगितला होता आणि पॉलिसीआधी त्यांची वैद्यकीय तपासणीही झाली होती. न्यायालयाचा मुद्दा असा की प्रकृती तपासून एकदा पॉलिसी दिली, की अर्जात सांगितलेल्याच आजाराचं कारण पुढे करून हात वर करता येत नाहीत. इथे तर फॉर्मवर ‘नाही’ लिहिलंय. आणि उलट बाजूचाही निकाल आहे, 2009 चा. मूत्रपिंडाचा गंभीर आजार अर्जात सांगितला नव्हता, तिथे सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला. ग्रुपवर तो कुणी पाठवत नाही.

काकींना जवळचा ठरावा असा एक तिसरा निकाल आहे. तो 2015 चा आणि आयुर्विम्याचा. विमाधारकाला मणक्याचं दुखणं होतं, ते अर्जात नव्हतं. मृत्यू झाला हृदयविकाराने. न सांगितलेल्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नाही आणि ते जिवावर बेतणारंही नव्हतं, तेव्हा दावा नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. मणका आणि हृदय. मग रक्तदाब आणि ओली लादी का नाही? अर्थात, चक्कर आली नव्हती हे दाखवता आलं तरच.

[दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत, केसपेपरचा गठ्ठा.]

ते दाखवणारे कागद दुबईत कमी आणि इथे जास्त निघाले. आरोग्य केंद्रातले जुने केसपेपर, पावसाळ्याच्या ओलीने कडा विरलेले. पाच रुपयांच्या चिठ्ठीसारखे वाटणारे हे कागद लोक चुलीत घालतात. काकींनी साखरेच्या डब्यात घालून ठेवले होते. दर भेटीला रक्तदाब लिहिलेला, नियंत्रणात. चक्करेची तक्रार एकाही कागदावर नाही. तिथल्या डॉक्टरांनी त्यावरून दाखला दिला.

दुबईच्या रुग्णालयातून धाकट्याने इनडोअर पेपर काढले. डिस्चार्ज समरी तर सगळ्यांकडे असते, पण आतले तक्ते मागावे लागतात. दाखल करताना मोजलेला रक्तदाब, हृदयाचा आलेख, मेंदूचा स्कॅन, सगळं ठीक. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने लिहून दिलं की ओल्या पृष्ठभागावर घसरून पडल्याने झालेली ही दुखापत आहे. चक्कर आल्याचं दाखवणारं तपासण्यांमध्ये काही आढळलं नाही.

उत्तर दोन पानांत बसलं. पहिला मुद्दा, खर्च अपघाताचा आहे, आजाराचा नाही. अपवादाचं कलम लागू होतं हे सिद्ध करणं कंपनीचं काम, आणि तिच्या हातात पुरावा आहे तो न पाहिलेल्या माणसाच्या “असेल” या शब्दाचा. दुसरा, फॉर्म इंग्रजीत, सही मराठीत. फॉर्म दुसऱ्याने भरला असेल तर त्यातला मजकूर समजावून सांगितल्याचा दाखला त्यावर घ्यायचा असतो, तो कुठे आहे? कंपनीने नंतरच्या एका ईमेलमध्ये ‘मदतकेंद्राला तीन दिवस उशिरा कळवलं’ असंही जोडलं होतं. त्यावर विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक प्राधिकरणाचं 20 सप्टेंबर 2011 चं परिपत्रक लावलं: निव्वळ उशिराच्या कारणावरून खरे क्लेम फेटाळू नयेत.

हे पत्र आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेलं. ही पायरी चुकवता येत नाही. तिकडून दोन आठवड्यांत उत्तर यायला हवं. आलं, तेच जुनं पत्र, नवी तारीख. बीमा भरोसा या विमा नियामक प्राधिकरणाच्या पोर्टलवरही तक्रार टाकली. पण तिथे कुणी न्यायनिवाडा करत नाही. तक्रार पुन्हा कंपनीकडेच जाते, फक्त तिची नोंद राहते.

पुढे दोन वाटा होत्या. एक ओरोसला, सिंधुदुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि कोणत्या पातळीच्या आयोगात जायचं ती मर्यादा क्लेमच्या रकमेवर नव्हे तर भरलेल्या किमतीवर, म्हणजे इथे काही हजारांच्या प्रीमियमवर मोजतात. त्यामुळे फीही लागत नाही. मुदत दोन वर्षांची. दुसरी वाट विमा लोकपालाची, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकून निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याची. सिंधुदुर्ग जिल्हा पुण्याच्या लोकपालाकडे येतो, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर. नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, वकील चालत नाही, फी नाही, आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार आहे. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाता येत नाही. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते हातात घेत नाही.

घरच्यांनी पुणं निवडलं. वकील नको हे मोठं कारण होतं. शिवाय लोकपालाचा निवाडा कंपनीला पाळावाच लागतो, आणि तक्रारदाराला पटला नाही तर त्याला आयोगाचं दार उघडंच राहतं. इतका एकतर्फी फायदा सामान्य माणसाला कायद्यात क्वचितच मिळतो. तरीही लोक आधी वकिलाकडेच धावतात.

[दृश्य: पडवीत लॅपटॉप, भोवती घरची माणसं.]

सुनावणी व्हिडिओवर झाली. नेमकी वीज गेली, शेजारच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढली. कंपनीच्या प्रतिनिधीने ती नर्सची ओळ वाचून दाखवली. लोकपालांनी काकींना थेट मराठीत विचारलं, काय झालं होतं? काकींनी पाणी, लादी आणि पाय, एवढंच सांगितलं. प्रतिनिधीला विचारलं, चक्करेचा वैद्यकीय पुरावा काय? तो फाइल चाळत राहिला.

निवाडा काकींच्या बाजूने लागला, पण सगळं मिळालं नाही. ज्येष्ठांच्या पॉलिसीत खोलीभाड्यावर आणि ऑपरेशनवर वेगळ्या मर्यादा असतात, त्यांवरची रक्कम कापली गेली. सुरुवातीचे 100 डॉलर विमाधारकाने सोसायचे, तेही गेले. सोबत आलेल्या धाकट्याच्या विमानाचं तिकीट आणि इथली फिजिओथेरपी पॉलिसीत नव्हतीच. निवाडा मिळाल्यापासून 30 दिवसांत पैसे द्यायचे असतात, ते आले आणि सरळ बँकेच्या कर्जात गेले. मित्रांची उचल अजून फिटायची आहे.

ऑपरेशनच्या मर्यादेवर ओरोसला जावं असं थोरल्याच्या मनात आहे. ती मर्यादा विकताना कुणी सांगितली नव्हती, हा त्याचा मुद्दा, आणि त्यात दम आहे. काकींचा मात्र ठाम नकार.

“गावले तितके पुरे झाले. आता माका कोर्टबिर्ट नको.”

थोरल्याने दोन वर्षांची मुदत कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.