टॅक्सी, प्लंबिंग आणि भैरवी

नमस्कार मंडळी, जेवणं झाली असतील किंवा कुकर लावला असेल, तर जरा आवाज वाढवा. मी ठाण्यातून बोलतोय आणि मागे घोडबंदर रोडचे हॉर्न ऐकू आले तर तेही संगीतच समजा, कारण आजचा विषयच तसा आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत म्हटलं की आपण बाख, मोझार्ट, बीथोवन म्हणतो आणि थांबतो, जसं काही शेवटचा माणूस विग घालूनच गेला आणि दुकान बंद झालं! पण आत्ताच्या काळातही लोक सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या रचना, लिहितात, ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर करायची नाटकं, लिहितात, आणि मला खरं कुतूहल हे की हे लोक महिनाअखेर भागवतात कसं?

फिलिप ग्लास हा अमेरिकन संगीतकार घ्या. जन्म १९३७, बाल्टिमोर. चांगलं शिक्षण झालं, पॅरिसला नादिया बूलांजे नावाच्या फार कडक बाईंकडे शिकून आला, आणि न्यूयॉर्कला येऊन काय केलं तर प्लंबिंग, सामान हलवायचं काम आणि टॅक्सी. १९७६ साली त्याचा 'आइनस्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, तिकिटं संपली, नाव झालं, पण डोक्यावर एवढं कर्ज की साहेब परत टॅक्सीच्या स्टिअरिंगवर. त्यानेच सांगितलेला किस्सा आहे, एक बाई टॅक्सीत बसल्या, ड्रायव्हरच्या नावाची पाटी वाचली आणि म्हणाल्या, अहो तुमचं नाव एका प्रसिद्ध संगीतकाराचंच आहे की! टॅक्सी सुटली तेव्हा गडी चाळिशी ओलांडून गेला होता. आपल्याकडे पोरगं पंचविशीत सेटल नाही झालं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये चर्चा.

आता आपल्या मुंबईचा माणूस ऐका. वनराज भाटिया, १९२७ चा जन्म, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले आणि मग पॅरिसला त्याच बूलांजेबाईंकडे, ग्लासच्या आधी काही वर्षं. परत आले तर इथे सिम्फनी वाजवणार कोण आणि ऐकणार कोण, मग दिल्ली विद्यापीठात शिकवलं, जाहिरातींच्या हजारो जिंगल्स केल्या, श्याम बेनेगलांचा 'अंकुर' केला, 'भूमिका' केला. आणि तुम्ही म्हणाल आम्ही नाही बाबा हे नाव ऐकलं, तर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'भारत एक खोज' लागायचं ना, ते सुरुवातीचं सृष्टीच्या आधी काय होतं विचारणारं कोरस, अंगावर काटा यायचा, ते यांचं. 'तमस'साठी राष्ट्रीय पुरस्कार, २०१२ ला पद्मश्री, गिरीश कर्नाडांच्या नाटकावरून 'अग्निवर्षा' हा ऑपेरा, आणि शेवटची वर्षं मात्र पैशाच्या ओढाताणीत गेली. २०२१ ला गेले. मला विचाराल तर या माणसाचं आपण देणं लागतो आणि ते फेडलेलं नाही.

बरं, हे लोक लिहितात काय? माझ्या बाबांची वागळे इस्टेटमध्ये छोटी शेड होती, त्यात दोन पॉवर प्रेस शेजारीशेजारी वॉशर पाडायच्या. मी दुपारी डबा घेऊन जायचो तर दोन्ही एकदम धाड धाड वाजत असायच्या, पण एकीचा पट्टा किंचित ढिला, म्हणून ती हळूहळू मागे पडायची, धाड-धड, धाड-धड, मग मध्येच असा ठेका तयार व्हायचा की जो दोघींपैकी कुणीच वाजवत नाहीये, आणि थोड्या वेळाने पुन्हा एक. बाबा म्हणायचे कानात कापूस घाल. पुढे कधीतरी स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराचं १९६७ चं 'पियानो फेज' ऐकलं आणि मी उडालोच, अरे ही तर आपली शेड! दोन पियानो, एकच बारा स्वरांची ओळ, एक जण जरासा पुढे सरकत जातो, बस.

त्याचं 'क्लॅपिंग म्युझिक' तर घरी करता येतं, नुसत्या टाळ्या. तीन टाळ्या, एक रिकामी, दोन, रिकामी, एक, रिकामी, दोन, रिकामी. मोजा, बरोबर बारा मात्रा. दोघांनी एकत्र सुरू करायचं, काही आवर्तनांनी एकाने एक मात्रा पुढे उडी मारायची आणि दुसऱ्याने जागचं हलायचं नाही, अशा बारा उड्या झाल्या की दोघं पुन्हा एकत्र. आपण याला समेवर आले म्हणू. मी आणि बायकोने ओट्यापाशी करून पाहिलं, तिसऱ्या उडीला मी घसरलो, ती म्हणाली तुम्ही लग्नापासून माझ्यामागेच येताय. असो.

आणि ग्लासला हे मात्रांचं डोकं मिळालं कुठून? पॅरिसमध्ये एका सिनेमासाठी पंडित रविशंकरांचं संगीत नोटेशनमध्ये उतरवायचं काम त्याच्याकडे आलं. तो आपला मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघा मारून लिहायचा आणि उस्ताद अल्लारखाँ दर वेळी मान हलवायचे, जोर चुकीच्या जागी येतोय म्हणून. वैतागून त्याने रेघाच खोडल्या आणि तेव्हा त्याला तालाचं चक्र दिसलं.

त्यानंतर १९८० मध्ये रॉटरडॅमला त्याचा 'सत्याग्रह' हा ऑपेरा आला. दक्षिण आफ्रिकेतले गांधीजी, आणि गायचे शब्द सगळे भगवद्गीतेतले, चक्क संस्कृतमध्ये. शेवटी गांधीजी एकटे उभे राहून खालून वर जाणारी एकच स्वरांची ओळ गातात, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा ऐकताना मी कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू. मग हार्मोनियम काढली आणि ती ओळ पट्ट्यांवर शोधली. रे कोमल, ग कोमल, ध कोमल, नी कोमल. राग नाही तो, चलन वगैरे काही नाही, पण स्वर भैरवीचेच, आणि तेही अगदी शेवटाला.

तर मंडळी, तीच ओळ आता लावतोय, कुकरची शिट्टी झाली असेल तर गॅस बारीक करा.