सुधारणा नंतर, आधी ओळख तरी होऊ दे

नमस्कार मंडळी, आज जरा निवांत बोलूया. हल्ली तब्येतीची काळजी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न काय येतो, तर आपल्यात काय कमी आहे. वजन जास्त, झोप कमी, पाणी कमी, पावलं कमी. आणि मग ॲप डाउनलोड करायचं, टार्गेट लावायचं, आणि रोज रात्री त्या टार्गेटसमोर मान खाली घालून उभं राहायचं. मला मनापासून वाटतं की यात आपली माणसं उगाच दमून चाललीयेत.

त्या दहा हजार पावलांचंच घ्या. टोकियो ऑलिम्पिक १९६४ ला झालं, त्यानंतर १९६५ मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीने पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नाव मानपो-केई म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं, आणि तो आकडा तिथून जगभर गेला, कुठल्या डॉक्टरने आपल्याला तपासून दिलेला नाही तो! पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, सरासरी वय ७२, त्यात रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक उरला नाही. म्हणजे गुडघे दुखत असताना रात्री अकरा वाजता हॉलमध्ये येरझाऱ्या घालणाऱ्या काकूंनी खरं तर आधी गुडघ्याला विचारायला हवं.

पहाटे पाचला उठण्याचंही तसंच आहे. कुणाचं शरीर सकाळी लवकर जागं होतं, कुणाचं संध्याकाळी खुलतं, यातला काही भाग जन्मजात असतो आणि वयाप्रमाणे बदलतोही, कॉलेजच्या मुलांना उशिरा झोप येते आणि आजोबा चारलाच उठून बसतात. घरात यावरून किती भांडणं होतात!

आता मला ज्यांच्याबद्दल खरं बोलायचंय ते सत्यनारायण गोयंका. ब्रह्मदेशात वाढलेले मोठे व्यापारी, मायग्रेनने बेजार, देशोदेशीचे डॉक्टर करून झालेले. कुणीतरी त्यांना सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पाठवलं, हे गृहस्थ तिथल्या सरकारात अकाउंटंट जनरल होते आणि विपश्यना, म्हणजे जे आहे ते न बदलता बघायचं ध्यान, शिकवायचे. गोयंका म्हणाले डोकेदुखीसाठी आलोय, तर ऊ बा खिन यांनी चक्क नकार दिला, की नुसता आजार घालवायला येणार असाल तर हे त्यासाठी नाही. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. १९५५ मध्ये गोयंका पुन्हा गेले ते वेगळ्या मनाने, आणि शिबिर केलं. पुढे १९६९ मध्ये ते भारतात आले आणि १९७६ पासून आपल्या इगतपुरीत धम्मगिरी या ध्यानकेंद्रात शिबिरं सुरू झाली.

तिथे दहा दिवसांचं शिबिर असतं, जवळपास सगळं मौनात, आणि सुरुवातीचे तीन दिवस फक्त श्वास बघायचा. लांब करायचा नाही, रोखायचा नाही, आखूड आला तर आखूड, डाव्या नाकपुडीतून आला तर डाव्या. ऐकायला सोप्पं आहे पण बसल्यावर कळतं की आपला हात सारखा दुरुस्तीकडेच जातो, काहीतरी बदलल्याशिवाय आपल्याला चैनच पडत नाही.

सगळ्यांनी इगतपुरीला जावं असं मी म्हणत नाही, दहा दिवस सुट्टी कुणाला मिळते, आणि ज्यांना मानसिक त्रास आहे त्यांनी तर आधी डॉक्टरांशीच बोलावं. पण हे घरी थोडंसं करता येतं. दुपारी चारला फरसाणाच्या डब्याकडे हात गेला की खायचंच, अडवायचं नाही, फक्त आपण भुकेने खातोय की कंटाळ्याने की कुणाचा तरी फोन येऊन गेला म्हणून, एवढं वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. आठवडाभर नुसतं लिहा, उपाय शोधू नका, बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र नेमाने चालू ठेवा. आणि आठवड्याने ते पान वाचताना काही नवं दिसलं तर घरात कुणाला तरी सांगा, कदाचित त्यांना ते आधीपासून माहीत असेल.