मॅन्स, म्हणजे राहतं घर

श्रोतेहो, नमस्कार. आजचा शब्द आहे ‘मॅन्स’. स्कॉटलंडमध्ये चर्चकडून पाद्रीबाबांना राहायला जे घर मिळतं, ते मॅन्स. ब्रिटनचे माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन पाद्र्याचे चिरंजीव, म्हणून तिकडे त्यांना ‘मॅन्सचा मुलगा’ म्हणत.

शब्दाचं मूळ लॅटिन. ‘मानेरे’ म्हणजे राहणे. अगदी आपल्या ‘राहणे’सारखं बरं का. ‘मी सांगलीला राहतो’ यातलं राहणं आणि पाहुण्यांना आपण म्हणतो ना, ‘राहा की अजून दोन दिवस’, त्यातलंही. मॅन्शन त्यातूनच आलं आणि आपलं रोजचं ‘परमनंट’सुद्धा! मानेरे म्हणजे राहणे, एवढं ध्यानात ठेवा.

आणि पाद्रीबाबा तिथे परमनंट असतात का? छे! रेल्वे क्वार्टरसारखंच. नेमणूक संपली की किल्ली परत.

आता माझी लाडकी गोष्ट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या काँकॉर्ड गावी नदीकाठी ‘ओल्ड मॅन्स’ नावाचं घर आहे. विल्यम इमर्सन या पाद्र्यासाठी १७७० मध्ये बांधलेलं. पाचच वर्षांनी अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटलं, आणि पहिल्याच दिवशी एक चकमक उडाली ती शेजारच्या पुलावर. पण युद्ध राहू द्या, मला खिडकी दाखवायची आहे.

जुलै १८४२. लेखक नथॅनिएल हॉथॉर्न लग्न करून त्याच दिवशी सोफियाला घेऊन इथे भाड्याने राहायला आले. पाद्री नव्हेत, साधे भाडेकरू. त्याच गावचे लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी जोडप्यासाठी आधीच भाजीचा मळा लावून ठेवलेला. पुढच्या एप्रिलमधली एक संध्याकाळ. वरच्या खोलीच्या खिडकीत दोघं उभी, आणि सोफियाच्या अंगठीतल्या हिऱ्याने ती काचेवर लिहितायत! ही त्याची अभ्यासाची खोली, असं एका ओळीत. ‘मावळतीच्या सोनेरी उजेडात’ असं दुसरीत. खाली तारीख, ३ एप्रिल १८४३. भाड्याच्या घरात, मालकाच्या काचेवर! आमचे घरमालक खिळा ठोकू देत नसत. आणि हो, गडावर बदामात नावं कोरणाऱ्यांना मी अजिबात माफ करत नाही. या दोघांना मात्र करतो. पक्षपात म्हणा हवं तर.

तर मानेरे म्हणजे राहणे. हॉथॉर्न किती राहिले? जेमतेम सव्वातीन वर्षं. भाडं थकलं, मालकांना घर हवं झालं, आणि १८४५ मध्ये लहानग्या मुलीसह बिऱ्हाड हललं. काच राहिली. घर आता सगळ्यांना पाहायला खुलं आहे, आणि ती अक्षरं अजून वाचता येतात.