खुंटीवरची पिशवी

(पहाट. ओलं अंगण. पडवीत बसलेली माणसं.)

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. काल माती झाली. तिरडी कोणी बांधली, लाकडं कोणाच्या धुऱ्यावरून आली, घरच्यांना अजून ठाऊक नाही. घरची चूल बंद आहे. शेजारच्या घरून पिठलं-भाकरी येते, कोणीतरी लहान पोरीला बळेच दोन घास भरवतं. उद्या राख सावडतील. अस्थी कोणी कौंडण्यपूरला वर्धेच्या पात्रात नेतात, कोणी रामटेकच्या अंबाळ्यावर. हे सगळं गाव करतं, सांगावं लागत नाही.

कागदाचं मात्र कोणी बोलत नाही. दुःखाच्या घरी ते बरं दिसत नाही म्हणतात.

परवा सोयाबीनच्या वावरात साप चावला. दवाखान्यात पोचायच्या आत माणूस गेला. जुनी माणसं म्हणाली, "गेला तो गेला. आता चिरफाड कायले करता?" पोलीस पाटील अडून बसले. पंचनामा झाला, ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन झालं. माती चार तास लांबली. त्या चार तासांचा राग काही चेहऱ्यांवर अजून दिसतो.

पण पाटलांचं बरोबर होतं. साप, वीज, विहिरीत पडणं, विजेचा धक्का, आणि फवारणीची विषबाधा, जी या जिल्ह्यानं २०१७ साली फार जवळून पाहिली. अशा मृत्यूला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५ पाहिजे. सातबारावर नाव नसलेला घरातला आणखी एक माणूसही त्यात बसतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत. आणि मृत्यू कशानं झाला ते सांगणारा कागद चितेआधीच तयार व्हावा लागतो. नंतर सगळं गाव साक्षीला उभं केलं तरी त्या कागदाची जागा भरून निघत नाही.

(ग्रामपंचायत. टेबलावर नोंदवही.)

मृत्यूची नोंद २१ दिवसांत. पुढे विलंब शुल्क, परवानग्या, आणि वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. माणूस नागपूरच्या दवाखान्यात गेला असेल तर दाखला तिथली महानगरपालिका देते. गावच्या ग्रामसेवकाकडे खेटे घालून उपयोग नाही.

खरी अडचण नावाची. सातबारावर पांडुरंग, आधारवर पांडू, गावात बाप्पा. नोंदवताना आधार आणि सातबारा दोन्ही समोर ठेवा, अक्षर न् अक्षर वाचून घ्या. एका वेलांटीसाठी वर्षभर तहसीलला हेलपाटे घालणारी माणसं आम्ही पाहिली. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढा.

(खुंटीवर कपाशीच्या बियाण्याची रिकामी पिशवी.)

घरातले कागद या पिशवीत असतात. रेशनकार्ड, सोसायटीची पावती, कडा कुरतडलेलं पासबुक. बाई पासबुक पुढे करते. "मले वाचता नाई येत, तुमीच पाहा." मे महिन्याच्या शेवटाला एक ओळ आहे: ४३६ रुपये वजा. खाली दुसरी: २० रुपये.

पहिली ओळ प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची, दुसरी प्रधानमंत्री सुरक्षा विम्याची. जीवनज्योतीत मृत्यू कसाही झालेला असो, २ लाख. सुरक्षा विम्यात अपघाती मृत्यूला आणखी २ लाख. खातं उघडताना कोणीतरी अंगठा घेतला होता, तेवढंच. घरात कोणालाच याची कल्पना नव्हती. त्यामुळे पासबुक भरून आणा आणि मे-जूनची पानं नीट पाहा. दावा त्याच बँकेत करायचा, महिन्याच्या आत केलेला बरा.

एटीएम कार्ड घेऊन मुलगा पैसे काढून आणतो, तसं करू नये. बँकेला कळवावं. खात्यावर नाव लावलेला माणूस (नॉमिनी) पैसे घेतो, मालक होतोच असं नाही. हिस्सा सगळ्या वारसांचा. पीककर्जाचा बोजा वारसांवर येतो तो मिळालेल्या मालमत्तेपुरताच. सावकार याच दिवसांत नवा कागद घेऊन येतो, तेव्हा सही करू नका, अंगठाही देऊ नका.

कमावता माणूस १८ ते ५९ वर्षांचा असेल आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार असतात. तहसीलला विचारा.

(तेरवीचं जेवण. पत्रावळी.)

तेरवीला सगळ्या लेकी-बहिणी आलेल्या असतात, म्हणून त्याच दिवशी त्यांच्या सह्या उरकून घ्यायच्या, असा एक रिवाज पडलाय. हा रिवाज आम्हाला पटत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलाइतकीच हक्कदार आहे. तिला हक्क सोडायचाच असेल तर तो नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं सोडता येतो, जेवणाच्या पंगतीत घेतलेल्या सहीनं नाही. आणि आणखी एक नाव हमखास राहून जातं: गेलेल्याच्या आईचं. म्हातारी कोपऱ्यात बसलेली असते, तिला कोणी विचारत नाही. कायद्यात ती बायको आणि मुलांच्याच रांगेत बसते.

वारस नोंदीची वर्दी, म्हणजे सातबारावर वारसांची नावं लावायची खबर, तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायची. वर्षानुवर्षं मेलेल्यांच्या नावावर पडून राहिलेली शेतं मोकळी करायला २०२५ साली बुलढाण्यातून 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, मग राज्यभर गेली.

(चावडीची भिंत. नोटीस.)

आज इथे नोटीस लागली. चार नावं आहेत: बायको, मुलगा, मुलगी, आई. म्हातारी नातीला म्हणते, "माहं कुठं हाय, दाखव." पोरगी बोट ठेवते.

हरकतीला पंधरा दिवस. तोवर सोयाबीन सोंगायला येईल.