शिडीवर आधी चढलेला गुरू

(दृश्य: ट्युनिसच्या आखाताचं निळं पाणी, काठावर कार्थेजचे अवशेष)

निवेदन: इसवी सन २०३. कार्थेजवर रोमचं राज्य आहे. शहरात काही ख्रिस्ती तरुण पकडले गेलेत. रेव्होकातस आणि फेलिसिटी हे दोघे गुलाम, फेलिसिटीला दिवस गेलेले. सातुर्निनस, सेकुंदुलस. आणि चांगल्या घरातली, शिकलेली, बावीसेक वर्षांची पर्पेतुआ. तिचं बाळ अजून अंगावर पितं आहे.

पकडले गेले तेव्हा यांचा बाप्तिस्माही झाला नव्हता. त्यासाठीचं ख्रिस्ती विश्वासाचं शिक्षण चालू होतं.

(दृश्य: दगडी भिंत, वरच्या झरोक्यातून येणारी उजेडाची तिरीप)

तुरुंगातले दिवस पर्पेतुआने स्वतः लिहून ठेवले. त्या काळातल्या ख्रिस्ती स्त्रीच्या हातचं लेखन फारच थोडं उरलंय, म्हणून तिचा शब्दन् शब्द जपून वाचावासा वाटतो. असा काळोख तिने आयुष्यात पाहिला नव्हता. माणसांच्या गर्दीने जीव घुसमटवणारा उकाडा, पैशांसाठी शिपायांची दमदाटी, आणि सगळ्यांहून मोठा घोर बाळाचा. तेर्तियस आणि पोम्पोनियस हे मंडळीचे, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाचे, दोन डीकन, म्हणजे सेवक. ते पहारेकऱ्यांना पैसे चारतात, तेव्हा कैद्यांना काही तास जरा बऱ्या जागेत बसता येतं. तिथे ती भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजते.

वडील तिला परोपरीने विनवतात, की एवढं एक नाव टाकून दे. जवळच एक भांडं पडलेलं असतं. ती विचारते, बाबा, याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारता येईल का? ते म्हणतात, नाही. मग मलाही मी जी आहे तेच म्हणावं लागेल, ती म्हणते. ख्रिस्ती. त्यानंतर थोड्याच दिवसांत, कैदेतच, तिचा बाप्तिस्मा झाला.

(दृश्य: जुन्या ग्रीक हस्तलिखिताचं पान)

ग्रीक भाषेत साक्षीदाराला ‘मार्तिस’ म्हणतात. हा शब्द कोर्टातला. पुढे विश्वासासाठी जीव देणाऱ्यांना तो चिकटला. मराठी ख्रिस्ती लोक ‘रक्तसाक्षी’ म्हणतात, त्यात साक्ष अजून जशीच्या तशी ऐकू येते.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, गालीलातल्या डोंगरावर येशू शिष्यांना जी आज्ञा देतो, तिच्या मूळ ग्रीक वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे: शिष्य करा. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही सगळी त्याच्याच आधाराने येतात.

शिष्य करणं म्हणजे काय, ते मला सातुरसकडे पाहून कळलं.

सातुरस या तरुणांचा शिक्षक. शिपाई आले तेव्हा तो तिथे नव्हता. त्याला लपून राहता आलं असतं. त्याने आपणहून स्वतःला स्वाधीन केलं. शिकणारे आत होते, म्हणून शिकवणारा आत गेला.

तुरुंगात पर्पेतुआला स्वप्न पडलं. आभाळाला टेकलेली पितळेची शिडी. इतकी अरुंद, की एका वेळी एकानेच चढावं. दोन्ही बाजूंना तलवारी, भाले, आकडे. पायथ्याशी अजगर. सातुरस आधी चढून गेला, वर पोचल्यावर मागे वळला आणि म्हणाला, पर्पेतुआ, मी तुझी वाट पाहतोय. सांभाळ, तो चावेल.

फेलिसिटीला आठव्या महिन्यातच मुलगी झाली. मंडळीतल्या एका बहिणीने तिला पोटच्या मुलीसारखं वाढवलं.

(दृश्य: मशालींचा उजेड, लांब टेबल)

रिंगणात कैद्यांना जनावरांपुढे सोडत, त्या खेळांच्या आदल्या रात्री त्यांना शेवटचं जेवण मिळे आणि लोक ते बघायला जमत. यांनी त्याचं प्रीतिभोजन केलं, ख्रिस्ती लोक प्रेमाने एकत्र जेवत तसं. सातुरस बघ्यांना म्हणाला, आमचे चेहरे नीट पाहून ठेवा, त्या दिवशी आम्हाला ओळखाल. लोक थक्क होऊन परतले. त्यांतल्या पुष्कळांनी विश्वास ठेवला.

तुरुंगाचा अधिकारी पुदेन्स याने तर त्याआधीच विश्वास धरला होता.

(दृश्य: वाळू. गर्दीचा आवाज हळूहळू विरतो)

७ मार्च. बिबट्याच्या एकाच चाव्यात सातुरस रक्ताने न्हाऊन निघाला. त्याने पुदेन्सच्या बोटातली अंगठी मागून घेतली, आपल्या जखमेत बुडवली आणि त्याला परत दिली. विश्वास आठव, मलाही आठव, म्हणाला.

मग सगळ्यांना तलवारीसाठी एका जागी आणलं. सर्वांत आधी प्राण सोडला तो सातुरसने. स्वप्नातल्या शिडीवरही तोच आधी चढला होता, आणि वर थांबून पर्पेतुआची वाट पाहत होता.