फुफ्फुसाचा कर्करोग: केमो आणि शेक एकाच वेळी का?

(इंदूरच्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, रिपोर्टवर ‘ॲडव्हान्स्ड’ हा शब्द दिसला की घरातल्यांचे पाय गळतात. त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात, त्या आधी सोडवून घेऊ. गाठ छातीतच आहे, पण श्वासनलिकेभोवतीच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचली आहे आणि बहुतेक वेळा कापून काढता येत नाही, हा तिसरा टप्पा. मेंदू, हाडं, यकृत इथे पसरली किंवा फुफ्फुसाभोवतीच्या पाण्यात कर्कपेशी सापडल्या, तर चौथा. आजचा विषय तिसऱ्या टप्प्याचा आहे, कारण तिथे उपचार रोग बरा करण्याच्या इराद्याने देतात. म्हणून सुरुवातीलाच पेट-सीटी, म्हणजे रोग शरीरात कुठे कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन, आणि मेंदूचा एमआरआय हवा. खर्च वाचवायला एमआरआय टाळला आणि मेंदूतला डाग नजरेतून सुटला, तर सहा आठवड्यांचा कठीण उपचार नको त्या रोग्याला दिला जातो.

रेडिएशनला आपल्या माळव्यात ‘सिकाई’ म्हणतात, मराठीत ‘शेक’. शब्द रुळलाय, पण यात गरम काही लागत नाही. रोग्याला दोन्ही हात डोक्यावर धरून काही मिनिटं निश्चल पडायचं असतं, बस. किरण पेशीतला डीएनए तोडतात. काही पेशी ती मोडतोड दुरुस्त करून पुन्हा उभ्या राहतात. सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन हे केमोचं औषध त्याच डीएनएला चिकटतं आणि दुरुस्ती अडवतं. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध पेशींना विभाजनाच्या त्या अवस्थेत अडकवून ठेवतं, जिथे किरण सर्वांत जास्त मारक ठरतात. हा फायदा औषध आणि किरण एकत्र असतील तरच पदरात पडतो. आधी केमो संपवून मग शेक दिला, तर वाचलेल्या पेशी मधल्या काळात वेगाने वाढतात. आरटीओजी ९४१० या अमेरिकन चाचणीत पाच वर्षांनी हयात असलेले रोगी एकामागून एक उपचारात १० टक्के होते, एकत्र उपचारात १६ टक्के. फरक लहान वाटेल, पण तो पूर्णपणे वेळ जुळवण्यातून आलेला आहे.

नेहमीचा हिशेब असा: रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक), आठवड्यातले पाच दिवस, एकूण ३० वेळा, म्हणजे ६० ग्रे. ‘जास्त दिला तर जास्त फायदा’ हा तर्क इथे चालत नाही. आरटीओजी ०६१७ चाचणीत ७४ ग्रेवाल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रोगी ज्याहून जास्त जगले तो काळ) २०.३ महिने आलं, ६० ग्रेवाल्यांचं २८.७. किरण हृदयातून आणि चांगल्या फुफ्फुसातूनही जातात, हे विसरून चालत नाही. म्हणून आराखडा करताना २० ग्रे किंवा त्याहून जास्त मात्रा मिळणारा फुफ्फुसाचा भाग ३५ टक्क्यांच्या आत ठेवतात. श्वासाबरोबर गाठ हलते, तेव्हा सीटीही श्वासाची हालचाल टिपणारा हवा.

केमोचा एक सोपा क्रम म्हणजे आठवड्यातून एकदा पॅक्लिटॅक्सेल, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४५ ते ५० मिलिग्रॅम, आणि जोडीला मूत्रपिंडाच्या क्षमतेवरून मोजलेलं कार्बोप्लॅटिन. मूत्रपिंड आणि प्रकृती धडधाकट असेल तर सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड ही औषधांची जोडी देतात, पण सिस्प्लॅटिनबरोबर सलाइन भरपूर लागतं. दर केमोच्या आधी रक्ततपासणी. पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर त्या आठवड्याची केमो थांबवतात, शेक मात्र शक्यतो चालू ठेवतात. ज्याचं वजन आधीच फार उतरलंय, जो दिवसातला बराच वेळ अंथरुणात असतो, त्याला दोन्ही एकत्र झेपत नाहीत. त्याला एकामागून एक देणं हाच शहाणपणा.

आता खरी अडचण. धार, खरगोन, देवासहून रोज येणारे रोगी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळतात. अन्ननलिका शेकाच्या वाटेतच असते. ती सोलवटते आणि घास गिळताना आग होते. एकत्र उपचारात हा त्रास एकामागून एक दिलेल्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. रोगी खाणं सोडतो, वजन उतरतं, अशक्तपणा येतो आणि एक दिवस म्हणतो, ‘पंधरा दिवस थांबूया.’ ते पंधरा दिवस गाठीला मिळतात. म्हणून सहा आठवडे इंदुरातच मुक्कामाची सोय आधी करा, मधे सण येत असेल तर तारखा आधी विचारून ठेवा. खाण्यात तिखट, शेव, कढत चहा बंद. मऊ खिचडी, पेज, दही, केळं, उकडलेलं अंडं थोडं थोडं, पण दिवसातून सहा वेळा. जेवणाआधी घशाला बधिर करणारं औषध, दुखणं जास्त असेल तर मॉर्फीनसुद्धा, डॉक्टरांच्या सल्ल्याने, न घाबरता. वजन दर आठवड्याला कराच. ते फार उतरलं की शरीराचा आकार बदलतो, मग किरणांचा आखलेला नेमही चुकू शकतो आणि आराखडा पुन्हा करावा लागतो. विडी-सिगारेट पहिल्या दिवसापासून बंद.

शेक संपल्यावर स्कॅनमध्ये रोग वाढलेला नसेल तर ड्युरव्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं औषध सुमारे वर्षभर देतात. याच औषधाच्या पॅसिफिक नावाच्या चाचणीत ते मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनी ४२.९ टक्के रोगी हयात होते, ते औषध न मिळालेल्यांत ३३.४ टक्के. औषध महाग आहे, हे दडवून उपयोग नाही. बायोप्सीत गाठीच्या ईजीएफआर या जनुकात बदल सापडला असेल तर मात्र ऑसिमर्टिनिबची गोळी जास्त कामाची, म्हणून ती तपासणी सुरुवातीलाच करून ठेवा.

आणखी एक, ज्यात आपल्याकडे हमखास गफलत होते. शेक संपल्यावर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, धाप, बारीक ताप आला आणि एक्स-रेवर सावली दिसली, की कुणीतरी टीबीच्या गोळ्या सुरू करतं. ती सावली शेकाच्या क्षेत्राच्या आकाराची असेल तर किरणांमुळे आलेल्या फुफ्फुसदाहाचा संशय आधी घ्यायला हवा. त्यावर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात आणि ते कित्येक आठवडे हळूहळू उतरवतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या अचानक बंद केल्या की दाह पुन्हा उसळतो. शेकाची मात्रा आणि क्षेत्र लिहिलेला सारांश-कागद प्रत्येक डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.